बाबांच्या औक्षणाला बँजो

माझ्या धाकट्या दिराला गाता येत नाही असं मी म्हणणार नाही. येतं. फक्त तो जे गातो ते त्याचं नाही, आणि ज्या आवाजात गातो तोही त्याचा नाही. जन्म ब्रिस्टलचा, शाळा ब्रिस्टलची, नोकरी विमानाचे पंख बनवणाऱ्या कंपनीत. पण माइक तोंडाशी आला की हा माणूस अमेरिकेच्या दक्षिणेतला कुणी गुराखी होतो. शब्द ओढतो, ‘आय’चं ‘आ’ करतो आणि ओठांच्या एकाच कोपऱ्यातून बोलतो, दाताच्या डॉक्टरकडून नुकताच उठून आल्यासारखा.

आपल्या संगीताला तो ‘सदर्न रूट्स’ म्हणतो. म्हणजे काय ते मी त्याच्याकडून पुष्कळदा ऐकलेलं आहे, एकदाही न विचारता. डोंगरातल्या लोकांचा बँजो, नदीकाठच्या काळ्या मजुरांचे ब्लूज, चर्चमधलं टाळ्यांचं गाणं आणि दलदलीच्या मुलखातलं अकॉर्डियन, हे सगळं तो एकत्र करतो. ज्यांनी ही गाणी जन्माला घातली त्यांनी उन्हात कापूस वेचला. याला गवताची ॲलर्जी आहे, त्यामुळे बागेतलं गवत शेजारी कापून देतो. गाण्यांतून मालगाडी असते, पूर असतो, तुरुंग असतो, एखादं खेचर असतं आणि वारलेली आई असते. आई खरोखरच वारली, ते मान्य. पण गाण्यातली आई लाकडी पडवीत बसून शेंगा सोलते. माझ्या सासूबाई घरामागच्या काचेच्या कन्झर्व्हेटरीत बसायच्या आणि मटार फ्रोझन आणायच्या.

वेशभूषेबद्दल थोडक्यात सांगते. टोकदार बूट. ताटलीएवढं बक्कल. हॅट. पन्नाशीला आलेला, पोट सुटलेला, चष्मा लावणारा देशस्थ माणूस या पोशाखात एम-फोर हायवेवरच्या सर्व्हिस स्टेशनवर कॉफीच्या रांगेत उभा असतो, तेव्हा मी लांबच्या टेबलावर बसते.

मी एका शाळेत परीक्षांची व्यवस्था बघते. कोणत्या खोलीत किती टेबलं, कोणाला जास्तीचा वेळ, कोणता पेपर किती वाजता उघडायचा, हे माझं काम. घरीही तसंच. माझ्या फ्रीजवर यादी असते, फोनमध्ये यादी असते आणि प्रवासाला निघताना बॅगेच्या झाकणावर आतून यादी असते. अशा माणसाला कलावंतांचा राग येतो असा समज आहे. तो चुकीचा आहे. कलावंत वेळेवर आला तर माझं काहीही म्हणणं नसतं.

दिराच्या गाण्याचा तिरस्कार करण्यात मी घरात एकटी नव्हते. माझे सासरे, म्हणजे आमचे बाबा, माझ्या खूप पुढे होते. बाबा इंजिनिअर म्हणून ब्रिस्टलला आले आणि तिथेच निवृत्त झाले. सासूबाई गेल्यावर आम्ही त्यांना लंडनला, पिनरमध्ये, आमच्याकडे आणलं. तरुणपणी पुण्यात असताना त्यांनी बैठका ऐकल्या, आणि त्या बैठकांच्या जोरावर पुढची साठ वर्षं त्यांनी जगातल्या सगळ्या गाणाऱ्यांना नापास केलं. महाराष्ट्र मंडळात कुणी नाट्यगीत म्हणायला लागलं की ते पहिल्या रांगेतून मोठ्याने म्हणत, “अहो, तंबोरा कुणाच्या घरचा वापरताय?” तंबोरा फोनमधला असे. बाबांना ते माहीत असे.

मुलाचं गाणं मात्र त्यांनी नापास केलं नव्हतं, कारण ऐकलंच नव्हतं. दिराने काही वाजवायला घेतलं की बाबांना काम निघत असे. ब्रिस्टलच्या पबमध्ये त्याचा पहिला कार्यक्रम झाला तेव्हा पार्किंगचं तिकीट संपत आलं म्हणून ते बाहेर गेले आणि गाडीतच बसून राहिले. पार्किंग फुकट होतं. माझ्या मुलीच्या लग्नात त्याने दोन गाणी म्हटली, तेव्हा बाबा हॉटेलच्या बागेत गुलाब बघत होते, नोव्हेंबरमध्ये. एकदा तर घरच्या घरी, जेवणानंतर, त्याने गिटार काढली आणि बाबा “गोळी राहिली” म्हणून वर गेले ते सकाळीच खाली आले.

“ज्याला स्वतःची मुळं सापडत नाहीत,” ते मला एकदा म्हणाले, “तो दुसऱ्याच्या अंगणात खणत बसतो.” मला ते पटलं. आजही पटतं.

बाबांना ऐंशी पूर्ण होऊन काही महिने झाले आणि सहस्रचंद्रदर्शन करायचं ठरलं. ठरलं म्हणजे माझ्या नवऱ्याने ठरवलं आणि मला सांगितलं. मी जवळच्या स्टॅनमोरचा एक हॉल धरला, केटररला फोन केला आणि नवीन यादी उघडली. त्या रविवारी दिराचा ब्रिस्टलहून फोन आला.

“वहिनी, मला बाबांच्या फंक्शनला वाजवायचंय.”

“का?”

“का म्हणजे? मुलगा आहे मी त्यांची.”

“त्यांचा.”

“त्यांचा. वहिनी, सिरियसली. ऑडिओलॉजिस्टने काय सांगितलं ते दादा बोलला मला. डावा कान गेलाच आहे. उजव्याला किती दिवस?”

“निश्चित सांगत नाहीत.”

“एक्झॅक्टली. नंतर ते बसले पण, तरी काय ऐकणार? मला एकदा पाहिजे, वहिनी. एकदा पूर्ण. आवडायला नकोय. फक्त त्यांनी बसायला पाहिजे.”

त्याचा आवाज त्या वेळी ओठांच्या कोपऱ्यातून येत नव्हता. पण मी एवढ्याने विरघळणाऱ्यांपैकी नाही. मी विचारलं, “किती वेळ?”

“थर्टी मिनिट्स?”

“बघते. त्यांना बसवण्याची जबाबदारी माझी नाही.”

“नाही, नाही. तू फक्त स्लॉट दे.”

कार्यक्रमात अर्धा तास रिकामा नव्हता. शांत आणि होम सकाळी घरीच, आमच्या मागच्या बागेत. मग सगळ्यांनी हॉलवर यायचं, औक्षण, दोन भाषणं, जेवण, आणि चार वाजता हॉल रिकामा. औक्षणालाच अर्धा तास लागणार होता, कारण ओवाळणाऱ्या बायका पन्नासेक होत्या आणि एकीलाही वगळता येत नाही, वगळलेली कायम लक्षात ठेवते. औक्षणाच्या वेळी मागे काहीतरी वाजत असतंच. बहुतेक ठिकाणी सनई लावतात. मी सनईवर काट मारली आणि तिथे दिराचं नाव लिहिलं. औक्षण आणि गाणं एकाच वेळी, दोन्ही कामं एका अर्ध्या तासात. यात मला दुसरं काहीही साधायचं नव्हतं.

“बॅकग्राउंड?” दीर फोनवर म्हणाला. “वहिनी, मी सनई आहे का?”

“सनई वेळेवर येते,” मी म्हटलं.

हॉलच्या नियमांत उघडी ज्योत चालणार नाही असं स्पष्ट लिहिलेलं होतं. त्यामुळे मी बॅटरीवरचे दिवे मागवले, ते ज्योत हलल्यासारखी दाखवतात तसले. गुरुजींना विचारलं. आमचे गुरुजी सोमवार ते शुक्रवार एका बँकेचं सॉफ्टवेअर सांभाळतात आणि शनिवार-रविवार धर्म. ते म्हणाले, “चालेल, भाव महत्त्वाचा.” मग पुढे म्हणाले, “एक मात्र पाळायचं. सगळ्यांचं ओवाळून होईपर्यंत उत्सवमूर्तीने आसन सोडायचं नाही. मध्येच उठलं तर अपशकुन. त्याला बॅटरी चालत नाही.”

बाबा कर्मठ नाहीत. पण स्वतःच्या ऐंशीव्या वर्षानंतर, आयुष्याचाच विषय चालू असताना, अपशकुनाची परीक्षा कोण घेतो?

समारंभाच्या दिवशी दीर वेळेवर आला, हे नोंदवायला हवं. बरोबर दोघं होते. एक निवृत्त शिक्षिका, ती फिडल, म्हणजे व्हायोलिनच, वाजवते. आणि एक प्लंबर, तो ड्रम वाजवतो आणि कामापुरतं अकॉर्डियनही. दोघंही गोरे, दोघंही सभ्य, आणि दोघांनीही चपला-बूट दाराबाहेर काढायचे का ते विचारलं. दिराने विचारलं नाही. तो बुटांसकट स्टेजवर चढला, हॅटसकट. आमच्या मंडळातल्या एका काकूंनी माझ्या कानाशी येऊन विचारलं, “फॅन्सी ड्रेस पण ठेवलाय का गं?”

बाबांना स्टेजच्या खाली, मधोमध, उंच पाठीच्या खुर्चीत बसवलं. अंगावर शाल, डोक्याला पगडी, मांडीवर नारळ. गुरुजींनी माइकवरून नियम सांगितला. बायकांची रांग दारापर्यंत गेली. पहिल्या सवाष्णीने बॅटरीच्या दिव्यांचं तबक उचललं आणि दिराने बँजोवर नखं टाकली.

बाबांची पाठ ताठ झालेली मला लांबून दिसली. त्यांनी खुर्चीच्या हातावर हात टेकले. समोर तबक फिरत होतं. तिचं ओवाळून झालं, तिने अक्षता टाकल्या, बाबा पुढे सरकले, तोवर दुसरी आली.

मग त्यांचा हात उजव्या कानाकडे गेला. तिथल्या श्रवणयंत्राला मागे बटण आहे, दाबलं की बंद. हात कानापर्यंत पोचतोय तोच दुसरी सवाष्ण पाया पडायला वाकली, आणि हात आशीर्वादासाठी खाली आणावा लागला. तिसरी. चौथीने पाया पडून झाल्यावर सोबतच्या मुलीलाही वाकवलं. मांडीवरचा नारळ घसरायला लागला, तो डाव्या हाताने धरावा लागला. उजवा हात आशीर्वाद देत होता, खाली येत होता, कानाकडे निघत होता, परत आशीर्वाद देत होता.

गाण्याबद्दल मी लिहिते आहे ते ऐकून लिहिते आहे. मी पूर्ण वेळ हॉलमध्ये होते. सुरुवात बँजोने, भरभर, शिवणयंत्र पळवल्यासारखी. ते अंगवळणी पडतंय तोवर ड्रम आला आणि बँजो मंदावून त्याचं ब्लूज झालं. ब्लूजमध्ये हा रडतोय असं वाटेपर्यंत चर्च सुरू झालं आणि याने आम्हाला टाळ्या वाजवायला लावल्या. आमच्या लोकांनी त्या आरतीच्या ठेक्यात वाजवल्या. मग प्लंबरने अकॉर्डियन उचललं. मिसळीवर कस्टर्ड ओतावं तसं चाललं होतं. प्रत्येक पदार्थ आपापल्या जागी खाण्यासारखा असेल, नाही म्हणत नाही.

प्रेक्षकांबद्दल काय बोलावं? कुणी ऐकत नव्हतं. नागपूरहून नोकरीसाठी नुकतं आलेलं एक जोडपं व्हिडिओ कॉलवर घरच्यांना हॅट दाखवत होतं. मागच्या खुर्चीतले एक काका म्हणाले, “याला लावणी येते का विचारा.” दुसरे म्हणाले, “आधी जेवण कधी ते विचारा.” फिडलवाल्या बाईंना एकीने गाणं चालू असताना इंग्रजीत विचारलं, हिंदी सिनेमातलं काही बसवलंय का. बाई वाजवता वाजवता मान हलवून नाही म्हणाल्या आणि हसल्या. मला त्यांची लाज वाटली नाही, आमच्या लोकांची वाटली.

मला भीती होती ती वेगळीच. वाटत होतं, हा शेवटी एखादा अभंग बँजोवर वाजवेल, डोळे मिटेल, आणि अख्खा हॉल फोन वर करेल. तेवढी लाज त्याने राखली. त्याऐवजी त्याने गिटार मांडीवर आडवी घेतली, करंगळीत तारांवरून घसरवायची काचेची नळी घातली आणि एक संथ गाणं धरलं. विषय अर्थातच नदी आणि आई. ड्रम थांबला होता. रांगेत अजून पंधरा-वीस बायका असतील.

त्या गाण्यानंतर तो बँजो परत घेऊन पुढचं सुरू करणार, तेवढ्यात बाबांचा आवाज आला. ऐकू कमी येणाऱ्या माणसाचा मोठा आवाज.

“तिसरी तार उतरली आहे.”

समोरची सवाष्ण तबक हातात धरून तशीच उभी राहिली. दिराला वाटलं, बाबा तिच्याशीच बोलताहेत.

“अरे तुला सांगतोय. तिसरी तार. मघापासून उतरली आहे. लाव ती.”

दिराने गिटारची तार छेडली. मला काहीच कळलं नाही. फिडलवाल्या बाईंनी मात्र भुवया उंचावल्या आणि मान हलवली, बरोबर आहे म्हणून. दिराने खुंटी पिळली.

“अजून,” बाबा म्हणाले. “हां. बास. आणि ते मघाचं परत घे.”

“कुठलं, बाबा?”

“ते रडकं.”

दिराने ते परत घेतलं. आता बाबांचा हात कानाकडे जात नव्हता. बायका ओवाळत होत्या, वाकत होत्या, आणि ते त्यांच्याकडे न बघता हात वर करून आशीर्वाद देत होते, वाहतुकीच्या पोलिसासारखे. मध्येच त्यांचं तोंड कडू औषध प्यायल्यासारखं झालं. दिराने ते पाहिलं आणि तो अडखळला. बाबांनी हाताने खूण केली, चालू ठेव.

औक्षण संपलं. शेवटच्या सवाष्णीने तबक टेबलावर ठेवलं. बाबा आता उठू शकत होते. नवरा त्यांना हात द्यायला पुढे झाला. बाबा म्हणाले, “त्याचं होऊ दे.”

मी घड्याळ बघितलं आणि दोन्ही भाषणं रद्द केली. त्यातलं एक मंडळाच्या अध्यक्षांचं होतं. ते अजून माझ्याशी बोलत नाहीत.

जेवणाच्या वेळी दीर ताट घेऊन बाबांच्या शेजारी बसला. हॅट काढलेली होती, कपाळावर तिचा लाल वळ. कसं वाटलं ते त्याने विचारलं नाही. बाबांनीच सुरू केलं.

“इतकं सगळं एका पातेल्यात कशाला? एकाची चव लागते न लागते, लगेच दुसरं.”

“बाबा, तोच पॉइंट आहे. सगळं एकत्र.”

“सगळं एकत्र भिकाऱ्याच्या झोळीत पण असतं. आणि तो आवाज कुणाचा काढतोस?”

“ती स्टाइल आहे.”

“वाईट आहे. टाळ्यांचं ते तर भंपक. पेटीवाला बरा आहे, पण त्याला कुणी थांबायला शिकवलेलं नाही. आणि ते रडकं.” बाबांनी पुरीचा तुकडा श्रीखंडात बुडवला आणि तसाच धरून ठेवला. “त्यात तुझा गांधार धड कोमल नाही, धड शुद्ध नाही.”

“मुद्दाम आहे ते, बाबा. मधला आहे. ब्लू नोट म्हणतात.”

“मुद्दाम? मग दर वेळी तिथेच लागला पाहिजे. एकदा इथे, एकदा तिथे, एकदा गावाबाहेर. मुद्दाम करणाऱ्याला जागा माहीत असते.”

मी दिराच्या तोंडाकडे बघत होते. इतकं ऐकून घेतल्यावर माणूस ताट बाजूला सारेल. हा गधड्यासारखा हसत होता. डोळ्यांत पाणी आणि मिशीला श्रीखंड. इतकी वर्षं ज्या बापाने साधं नापाससुद्धा केलं नव्हतं, त्याने आज पेपर तपासला होता, ओळ न ओळ. मार्क शून्य.

“कुठे?” त्याने विचारलं. “जागा कुठे, बाबा? दाखवा.”

बाबांनी पुरी ताटात ठेवली, हात पुसला आणि घसा खाकरला. त्यांचा आवाज आता राहिलेला नाही. जे निघालं ते दार करकरल्यासारखं होतं. दिराने ताट खाली ठेवून गिटार ओढली, नळी चढवली आणि तो सूर शोधायला लागला.

“वर.”

“इथे?”

“फार वर. खाली ये. अरे, घसरू नकोस, बस तिथे!”

गाणं वाईटच होतं, आजही वाईटच आहे. मी टेबलं पुसून घेतली, उरलेली भाजी डब्यांत भरून वाटली, बॅटरीचे दिवे एकेक बंद करून खोक्यात ठेवले. पाहुणे निघाले. प्लंबर आणि शिक्षिका सामान व्हॅनमध्ये ठेवून, निरोप घ्यायला येऊन, वाट बघून निघून गेले. चार वाजायला आले.

“बाबा, चला,” मी म्हटलं. “हॉल बंद करायचाय.”

“थांब गं जरा,” बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले. “याचा गांधार लागत नाहीये.”

हॉलचा केअरटेकर किल्ल्या घेऊन माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. थोडा वेळ त्याने त्या दोघांकडे बघितलं, मग हळूच विचारलं, “ते आजोबा त्यांचे फॅन आहेत का?”

“अजिबात नाही,” मी म्हटलं, आणि दुसऱ्या टोकापासून खुर्च्या रचायला घेतल्या.